जुन्या बाजारात मिळालेला नकाशा : पाइन रिजच्या माळावर 'काहीच नाही'?

माळावरचा | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी साउथ डकोटात, रॅपिड सिटीला असतो. इथे महिन्यातून एकदा एका बंद पडलेल्या गोदामात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. रिकिबी, लगाम, मुरंब्याच्या बरण्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग, कुणाच्या तरी पणजीच्या लग्नाचे फोटो. मागच्या आठवड्यात तिथल्या एका खोक्यात हा नकाशा सापडला. ८ डॉलर. त्याच खोक्यात सोन्याच्या खाणींच्या भागातले नकाशे तीस-चाळीस डॉलरना होते. हा एवढा स्वस्त का, विचारलं तर विकणारा म्हणाला, "ह्यात काहीच नाहीये, म्हणून."

खरंच काही नाही. यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा स्थलदर्शक नकाशा आहे, १:२४,००० प्रमाणाचा, पन्नाशीच्या दशकातला. उजवी कड उंदरांनी कुरतडलीय. पत्रकाचं नाव वर आणि खाली नेमकं त्याच बाजूला छापलेलं असतं, त्यामुळे नाव गेलं. घड्यांच्या जागी कागद जुन्या धोतरासारखा मऊ झालाय. खालच्या समासाजवळ 'पाइन रिज इंडियन रिझर्व्हेशन' एवढं वाचता येतं.

पश्चिमेला समोच्च रेषा इतक्या दाट आहेत की तपकिरी डागच वाटतो. तो बॅडलँड्सचा, म्हणजे इथल्या घळीसुळक्यांच्या तुटक्या जमिनीचा कडा असणार. बाकी सगळा पांढरा माळ. काल जेवण झाल्यावर भिंग घेऊन बसलो आणि घरं मोजली. काळे चौकोन सात, सातही दक्षिणेच्या पट्ट्यात. तीन पवनचक्क्या. एक क्रूस, शेजारी दफनभूमीची खूण. एवढ्या मोठ्या कागदावर बस्स.

पण मला सोडत नाहीये ती दुसरीच गोष्ट. उत्तरेच्या भागात तुटक रेषांच्या गाडीवाटा आहेत, अकरा मोजल्या. त्या नीट ओढ्याच्या काठाने जातात, वळतात आणि मध्येच संपतात. टोकाला काही नाही. घर नाही, विहीर नाही, कुंपण नाही. कुठेच न जाणारी वाट कोण पाडेल?

आणि एक. माळावर खूप अंतर सोडून मोठी पातळ अक्षरं छापलीयत. एका ओळीत एन, एन, ई. मला वाटलं उत्तर-ईशान्य, वाऱ्याची दिशा वगैरे. त्याखालच्या ओळीत ए, एन, जी. ह्याचा काही अर्थ लागेना. फोटो टाकतोय, जाणकारांनी बघावं.

---

तिरकस | शनिवार, रात्री ११:३१

काहीच नसलेला कागद ८ डॉलरला घेतलात. आमच्याकडे कोऱ्या कागदाचं अख्खं रिम मिळतं तेवढ्यात. बसा मोजत.

---

मोजणीवाला | रविवार, सकाळी ६:०५

फोटो मोठा करून पाहिला. भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून ३१ वर्षं काढली, त्यामुळं नकाशा कुठलाही असो, दिसला की बोटं शिवशिवतात.

आधी जागा. डाव्या खालच्या कोपऱ्यात ४३ अंश ३० मिनिटं उत्तर, १०२ अंश ३७ मिनिटं ३० सेकंद पश्चिम असं स्पष्ट आहे. हे साडेसात मिनिटांचं पत्रक. म्हणजे त्या अक्षांशावर उभं साधारण साडेआठ मैल, आडवं सव्वासहा मैल. नाव उंदरांनी खाल्लं तरी पत्ता पक्का आहे.

पण खरी मजा त्या तांबड्या जाळीत. डाव्या समासात 'टी ४१ एन' लिहिलंय बघा. टी म्हणजे टाउनशिप : सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, एकेक सेक्शन ६४० एकरांचा. १७८५ च्या कायद्यापासून अमेरिकेनं पश्चिमेची जमीन अशी चौकटीच्या वहीसारखी आखली. ४१ एन म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेला ४१ वा चौकोन. त्या भागाला सहावी मुख्य मध्यान्हरेखा (मोजणीची उभी मूळ रेषा) लागते आणि तिची आधाररेषा म्हणजे ४० वा अक्षांश, कॅन्सस आणि नेब्रास्काची हद्द. आता हिशेब करा. एक्केचाळिसावा चौकोन म्हणजे २४० ते २४६ मैल. एका अंशाला ६९ मैल धरले तर साडेतीन अंश. ४० अधिक साडेतीन. आला की नाही कोपऱ्यातला आकडा?

साखळी धरून अडीचशे मैल मोजत येणारी माणसं डोळ्यांपुढं आणा. आमची तालुक्यात एका गटाची हद्द कायम करताना दोन भावकीत काठ्या निघायच्या.

रंग असे : काळं ते माणसाचं, निळं पाण्याचं, तपकिरी उंचीचं, हिरवं झाडांचं, तांबडं जमिनीच्या आखणीचं. निळी रेष तुटक असेल आणि मध्ये तीन-तीन ठिपके असतील तर ओढा हंगामी, पावसाळ्यापुरता. भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर, पोकळ चौकोन म्हणजे सोडून दिलेलं.

आपल्याकडं आधी गाव, मग शिवार, मग बांध, मग मोजणी. तिथं आधी जाळं आणि मग माणूस.

---

सह्यभटका | रविवार, सकाळी ९:२०

काका, दंडवत! वाचनखूण साठवली.

माळावरचा, नाव शोधायला कुठे जायची गरज नाही. यूएसजीएसने १८८४ पासूनची जुनी पत्रकं स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' नावाच्या संस्थळावर फुकट ठेवलीयत, पावणेदोन लाखांहून जास्त. कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश टाक, त्याच जागेची सगळ्या सालांची पत्रकं समोर येतील. नंतरच्या आवृत्त्यांत जांभळा रंग दिसला तर समज की ती भर हवाई फोटोंवरून घातलेली आहे.

हे लिहिताना जीव जळतो. आम्ही ट्रेकवाले टोपोशीटच्या, म्हणजे आपल्या सर्वेक्षण खात्याच्या स्थलदर्शक नकाशांच्या, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वाढलो. समोच्च रेषा कुठली आणि घडीची सुरकुती कुठली हे कड्यावर जाऊन कळायचं. आपल्याकडे २००५ च्या नकाशा धोरणात सगळ्यांसाठी खुली मालिका आणि सैन्यासाठी संरक्षण मालिका अशी वाटणी झाली, २०२१ मध्ये बरंच मोकळं झालं. तोपर्यंत आमचे गुडघे गेले होते.

---

आंबेमोहर | रविवार, दुपारी १२:४८

मोजणीवाला काका, बाकी सगळं मान्य, पण "तिथं आधी जाळं मग माणूस" हे पटलं नाही. माणूस आधीपासून होताच की. लाकोटा लोक, तिथले मूळ रहिवासी. जाळं त्यांच्यावर पडलं.

आणि एक विनंती. ह्या धाग्यावर कुणी रिझर्व्हेशनचं भाषांतर 'आरक्षण' करू नका. मी भाषांतराची कामं करते, एकदा एका मसुद्यात 'पाइन रिज आरक्षणावर गोळीबार' असं वाचलंय आणि मला वाटलं मोर्चाची बातमी आहे. आपल्याकडे आरक्षण म्हणजे जागा मिळणं. तिथे उलट. सगळा मुलूख ह्या मूळ रहिवाशांचा, तहात त्यातला एवढा तुकडा यांनी स्वतःकडे राखून ठेवला, बाकीचा सोडला. म्हणजे सरकारने दिलेली खिरापत नव्हे, त्यांनी राखलेली जमीन. मी 'राखीव मुलूख' लिहिते. कानाला थोडं वनखात्याचं वाटतं, पण त्यातल्या त्यात बरं. 'रेड इंडियन' तर कृपया नकोच.

---

शब्दकोडी | रविवार, दुपारी १:३०

मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही, पण रोज दोन इंग्रजी शब्दकोडी सोडवते.

_ _ एन एन ई _ _
_ ए एन जी _

दुसरी ओळ 'रेंज'. मग पहिली 'गनरी'. गनरी रेंज. पहिल्या ओळीची सुरुवातीची दोन अक्षरं आणि दुसरीचं एक त्या तपकिरी डागात बुडालं असेल, शेवटची उंदरांनी खाल्ली. बरोबर का?

---

माळावरचा | रविवार, दुपारी २:१५

अहो, अंगावर काटा आला. भिंग घेऊन पुन्हा बसलो. कड्याच्या रेषांच्या गुंत्यात 'जी' आहे, अर्धा पुसट. त्याच्या पुढे 'यू'. दोन अक्षरांत चार बोटांचं अंतर, म्हणून डोळ्याला शब्द दिसतच नव्हता. टोपोव्ह्यूवरचं स्कॅनही मिळालं, त्यात उजवी कड शाबूत आहे. शब्द पूर्ण वाचता येतो. पत्रकाच्या नावात 'टेबल' आहे, म्हणजे इथल्या भाषेत माथ्यावर सपाट असलेला उंचवटा, आपल्या सड्यासारखा.

म्हणजे माझ्या 'काहीच नाही'वर तोफगोळ्यांचं मैदान होतं?

---

गोदातीर | रविवार, संध्याकाळी ७:०२

होतं. शब्दकोडीताईंना सलाम. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा जरा पसरट लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१८६८ चा फोर्ट लॅरमीचा तह. त्यात मिसूरी नदीच्या पश्चिमेचा आजचा अख्खा साउथ डकोटा 'ग्रेट सू रिझर्व्हेशन' म्हणून ठरला (लाकोटा हे सू लोकांपैकीच), काळ्या टेकड्यांसकट, म्हणजे ब्लॅक हिल्ससकट. पुढची जमीन सोडायची तर प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्या लागतील, हेही तहात लिहिलेलं. १८७४ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या मोहिमेला टेकड्यांत सोनं दिसलं. १८७७ मध्ये टेकड्या खालसा झाल्या. सह्या मिळाल्या होत्या दहा टक्क्यांच्या आसपास. १८८९ मध्ये उरलेल्याचे सहा तुकडे केले, त्यातला एक पाइन रिज. १८९० च्या हिवाळ्यात ह्याच बॅडलँड्समधल्या स्ट्राँगहोल्ड टेबलावर 'घोस्ट डान्स', म्हणजे प्रेतात्म्यांचा नाच, हा धार्मिक विधी करायला लोक जमले होते. २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे अमेरिकी सैन्याने लाकोटांचं हत्याकांड केलं. हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं.

जे वाचलेलं नसतं ते १९४२ चं. महायुद्धासाठी वैमानिकांना सरावाला जागा हवी होती. युद्धखात्याने पाइन रिजमधली ३,४१,७२६ एकर जमीन घेतली. १२५ कुटुंबांना बाहेर काढलं. मग रॅपिड सिटीच्या तळावरून विमानं यायची. लक्ष्य म्हणून जुन्या मोटारींचे सांगाडे आणि पिंपं भडक पिवळी रंगवून ठेवलेली, शिवाय जमिनीत नांगराने २५० फूट रुंदीची वर्तुळं काढलेली. वैमानिकांना वरून हद्दच नीट कळायची नाही. जवळच्या इंटीरियर नावाच्या गावात चर्चच्या छपरातून गोळा आत आला होता. नशिबाने कुणाला लागलं नाही.

त्या बाहेर काढलेल्यांत ड्यूई बिअर्ड नावाचे एक म्हातारबाबा होते. हे तरुणपणी १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत होते, जिथे कस्टर पडला. वुंडेड नीला ते स्वतः जखमी होऊन वाचले आणि आई, बाप, बायको, तान्हं मूल गमावून बसले. ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा घर सोडायला लावलं. १९५५ मध्ये वारले. त्यांचं लाकोटा नाव 'वासू माझा', अर्थ लोखंडी गार, आभाळातून पडते ती गार. नागरीत लिहिलं की मराठीच वाटतं, आणि उच्चारही आपल्या 'माझा'सारखाच. ह्या योगायोगात अर्थ काही नाही, पण मी वर्गात हे नाव फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

---

तिरकस | रविवार, रात्री ८:४०

युद्धकाळात सगळ्याच देशांनी जमिनी घेतल्या. त्यात शेतकऱ्यांच्याही गेल्या. अमेरिकेत राहायचं, तिथला पगार घ्यायचा आणि तिथल्याच सरकारला नावं ठेवायची, हे चालू द्या.

---

गोदातीर | रविवार, रात्री ९:०५

मी गोदाकाठी राहतो, पगार पेन्शनीचा आहे.

सगळ्यांच्या गेल्या हे खरं. प्रश्न परत कधी मिळाल्या हा. युद्ध १९४५ ला संपलं. हवाई दलाने बहुतेक जमीन नको म्हणून जाहीर केली १९६८ मध्ये. तेही मूळ माणसांच्या हाती सरळ आली नाही. १९७६ च्या करारानुसार सुमारे १,३३,००० एकर बॅडलँड्सच्या राष्ट्रीय स्मारकाला जोडले गेले, तोच आजच्या राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण विभाग. जमीन पाइन रिजच्या ओग्लाला लाकोटा टोळीची, आणि वर उद्यान. तिथे अजून न फुटलेला दारूगोळा सापडतो.

---

चुलीवरचं | रविवार, रात्री १०:२२

तिरकस, माझ्या आजोळचं गाव धरणात गेलं. आजी असेपर्यंत उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्हाला घेऊन जायची आणि गाळातून चालताना म्हणायची, "इथं उंबरा, इथं जातं, इथनं वळलं की पाणंद." आम्हाला गाळच दिसायचा. तिचे पाय मात्र बरोबर वळायचे. टोकाला काही नसलेल्या वाटेचं वाचलं आणि तेच आठवलं. बाकी वादात पडत नाही.

---

मोजणीवाला | सोमवार, सकाळी ६:१०

आंबेमोहरताई, चूक कबूल. माणूस आधी.

रात्री झोप लागेना म्हणून त्या अकरा वाटांचा विचार केला. त्या काळात हे नकाशे हवाई फोटोंवरून करायचे. एकाच जागेचे दोन फोटो थोड्या वेगळ्या कोनातून घ्यायचे आणि यंत्रात शेजारी शेजारी ठेवून बघायचे, की डोंगर उठून उभे राहतात. त्यावरून उंचीच्या रेषा ओढायच्या, मग माणूस प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायचा. तुमच्या पत्रकाच्या समासात हे लिहिलेलं असेल बघा.

आता गवताळ माळावर गाडीची चाकोरी एकदा पडली की वर्षानुवर्षं जात नाही. आपल्याकडं माळरानात जुनी बैलगाडीची वाट बघा, पहिल्या पावसानंतर गवताचा रंगच वेगळा येतो. फोटोत चाकोरी दिसली, म्हणून आली नकाशात. घर मात्र नव्हतं. लाकडाचं घर, माणूस हलवून नेतो, नाहीतर पाडतात, नाहीतर सराव करणारे त्यावरच नेम धरतात. मोजणारा जे दिसलं ते काढतो. त्यानं लबाडी केलेली नाही. दहा वर्षांपूर्वी तिथं चूल होती हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याच्या खुणांच्या यादीत त्याला चिन्ह नव्हतं.

---

आंबेमोहर | सोमवार, सकाळी १०:३५

काका, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

एक विचारायचंय. ती ६४० एकरांची जाळी रिझर्व्हेशनवर का? जमीन तर सगळ्या टोळीची सामायिक ना?

---

मोजणीवाला | सोमवार, सकाळी ११:५०

ती सामायिक राहू द्यायची नव्हती म्हणूनच. १८८७ चा डॉज कायदा. कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर, म्हणजे सेक्शनचा चौथा भाग, तोडून द्यायचा आणि वाटून उरली ती 'शिल्लक' म्हणून बाहेरच्यांना उघडी करायची. सगळ्या देशात मिळून टोळ्यांकडं १८८७ ला १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ ला कायदा बदलला तेव्हा ४ कोटी ८० लाख उरले. लढाई न करता. म्हणून ती तांबडी जाळी मला आता तेवढी गोड वाटत नाही, काल कौतुक केलं तरी.

पुढची गंमत आपल्या लोकांना लगेच कळेल. ते १६० एकर सरकारच्या विश्वस्ततेत राहिले. मालक मेला, वारस लागले. वाटप नाही, खातेफोड नाही, नुसते अविभक्त हिस्से. दुसऱ्या पिढीत आठ नावं, चौथ्या पिढीत शंभर. एकाच तुकड्याला शेकडो मालक, एकेकाचा हिस्सा अपूर्णांकात. आपल्या सातबाऱ्यावर वीस नावं असली तर तलाठ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिथं भाड्याचे पैसे वाटायचे तर कुणाच्या वाट्याला काही सेंट. ह्या हिशेबाच्या घोळावर ब्लॅकफीट टोळीच्या एलुईज कोबेल यांनी १९९६ मध्ये दावा लावला. २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले १.९ अब्ज असे विखुरलेले हिस्से विकत घेऊन टोळीच्या नावे एकत्र करायला ठेवले.

---

तिरकस | सोमवार, दुपारी १:१५

हे शंभर मालकांचं प्रकरण मात्र खरंच आमच्या घरचं. पणजोबांच्या नावच्या ३२ गुंठ्यांत सत्तेचाळीस सह्या लागतात, त्यातले दोघे सापडत नाहीत. माघार घेतो असं नाही, पण वाचतोय.

काळ्या टेकड्यांचं पुढे काय झालं?

---

गोदातीर | सोमवार, दुपारी ३:४०

१९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेकड्या बेकायदा घेतल्या, भरपाई द्या. मूळ रक्कम आणि १८७७ पासूनचं व्याज मिळून १० कोटी डॉलरहून जास्त झाली. सू लोकांनी पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले तर विक्री झाली असं होतं, आणि आम्ही विकलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. रक्कम खात्यात पडून वाढत १ अब्जाच्या पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या अतिशय गरीब भागांत मोडणाऱ्या वस्तीने हे पैसे नाकारलेत, ह्याचा विचार मी अधूनमधून करतो.

नावांचं मात्र थोडं हललंय. ज्या परगण्यात तुमचं पत्रक आहे त्याचं नाव शॅनन काउंटी होतं, डकोटा प्रदेशाच्या एका गोऱ्या न्यायाधीशावरून. मतदान होऊन २०१५ मध्ये ते ओग्लाला लाकोटा काउंटी झालं. टेकड्यांतल्या सगळ्यांत उंच शिखराला (७,२४२ फूट) जनरल हार्नीचं नाव होतं, ज्याच्या सैन्याने १८५५ मध्ये नेब्रास्कात लाकोटांच्या छावणीत बायकापोरं मारली. २०१६ पासून ते ब्लॅक एल्क ह्या लाकोटा धर्मपुरुषाच्या नावाचं शिखर आहे. तुमच्या जुन्या नकाशावर समासात परगण्याचं नाव 'शॅनन' असणार.

---

माळावरचा | पुढचा रविवार, रात्री १०:५०

आहे. शॅननच आहे.

काल जाऊन आलो. एकटाच, बायको म्हणाली तुझ्या रिकाम्या माळात मला नको नेऊस. सीनिक नावाच्या जवळपास ओसाड गावातून दक्षिणेला जो रस्ता जातो त्याचं नावच 'बॉम्बिंग रेंज रोड'. चार वर्षांत मी त्यावरून निदान सहा वेळा गेलोय. पाटी वाचली होती. शब्द वाचला, अर्थ नाही वाचला, त्या एन-एन-ई सारखाच.

आधी शीप माउंटन टेबलावर गेलो. वर गवत, आणि कडेला गेलं की जमीन एकदम खाली तुटते. राखाडी, पांढऱ्या, फिक्या गुलाबी मातीचे सुळके आणि घळी. लाकोटात ह्याला 'माको सिचा' म्हणतात, वाईट जमीन. इंग्रजी नाव त्याचंच भाषांतर. माझ्या नकाशातला तो तपकिरी डाग असा दिसत असेल तर रेषा काढणाऱ्याला नमस्कार. पुढे दक्षिणेला लांबवर दुसरा सपाट माथा दिसत होता, तो बहुतेक माझ्या कागदावरचा.

आत गाडी घातली नाही. जमीन टोळीची आणि काही लोकांची खासगी, शिवाय जागोजागी पाट्या आहेत की धातूचं काही दिसलं तर हात लावू नका. रस्त्याच्या कडेने चालत थोडं गेलो. गुडघाभर गवत, त्यात टोळ, आणि वारा इतका की कानात शिट्टी. मोजणीवाला काका, तुम्ही म्हणालात तशी चाकोरी शोधत होतो. सरळ बघितलं तर दिसेना. मग उन्हं कलल्यावर खाली बसून तिरकं पाहिलं, तर गवतात दोन समांतर पट्टे, जरा गडद. पन्नास-साठ पावलांपर्यंत दिसले, पुढे नाही. ती नकाशातलीच वाट की कालपरवाच्या कुणाच्या ट्रकची, शपथेवर सांगणार नाही.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो. नकाशा बाजूच्या सीटवर पसरलेला होता. पलीकडे ट्रकमध्ये एक लाकोटा आजोबा होते, त्यांनी काचेतून बघितलं आणि विचारलं, कशाचा आहे. मी बाहेर काढून बॉनेटवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूला माझा फोन, दुसऱ्या बाजूला त्यांची कॉफी. चष्मा नव्हता त्यांच्याकडे. तांबड्या आकड्यांकडे, रेषांकडे पाहिलंच नाही. ओढा पकडला, बोट त्याच्यावरून सरकवत नेलं, दुसरा ओढा मिळतो तिथे थांबले आणि म्हणाले, "इथे माझी आत्या राहायची. तिच्याकडे दोन चुली होत्या, एक आतली, एक उन्हाळ्याची बाहेरची."

मी बघितलं. टोकाला काही नसलेल्या अकरांपैकी ती वाट नव्हती. तिथे वाटही नव्हती. नुसता पांढरा कागद.

मी विचारलं, खूण करू का? ते म्हणाले, "कशाला? मला माहीत आहे ना." कॉफी उचलली, कागद फडफडला, मी धरला. मग त्यांनी विचारलं की हा केवढ्याला मिळाला. मी सांगितलं. ते खूप हसले.

स्कॅन करून एक मोठी प्रत छापून घेणार आहे, ती त्यांना हवीय. तिथेच पेट्रोलपंपावर ठेवायला सांगितलंय. मूळ कागदाचं काय करू ते सांगा. घड्या पडल्यात तिथे फाटायला आलाय. इस्त्री फिरवली तर चालेल का?

---

शब्दकोडी | रविवार, रात्री ११:१२

दोन चुली. मला झोप नाही यायची आता.

---

मोजणीवाला | सोमवार, सकाळी ५:५५

इस्त्री अजिबात नको! आणि सेलोटेप तर नकोच नको, दहा वर्षांत पिवळा पडून कागद घेऊन निघतो. आमच्या अभिलेख कक्षात अशा किती नकाशांची वाट लागलेली पाहिलीय.

आधी मऊ ब्रशनं धूळ काढ. मग न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ होऊ दे, नकाशा लांब दोरीवर पंचावर आडवा टाक, पाण्याचा थेंब लागता कामा नये. अर्ध्या तासात सैल होईल. मग दोन टीपकागदांत ठेवून वर सपाट फळी आणि पुस्तकांचं वजन, आठवडाभर. फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद आणि शिजवलेल्या गव्हाच्या खळीनं डकव. खळ पातळ कर, पोळीच्या कणकेसारखी नको. आधी कडेच्या एका तुकड्यावर करून बघ, शाई पसरत नाही ना.

आणि माझी एक दुरुस्ती. पोकळ चौकोन म्हणजे सोडलेलं घर असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ते चुकीचं. त्यांची जुनी खुणांची पत्रिका काल पाहिली. पोकळ म्हणजे गोठा, कोठार, जिथं माणूस राहत नाही अशी इमारत. सोडलेल्या घराला वेगळी खूण नाही.